मुंबईला न जाण्यासाठी मुंबईला

सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं काढली आणि त्यातला एकही दिवस मुंबईत पोस्टिंग घेतलं नाही, असं सांगितलं की ऐकणाऱ्यांचे दोन प्रकार पडतात. मुंबईतले म्हणतात, "नशीबवान आहात." सोलापुरातले म्हणतात, "अरेरे. काही प्रकरण झालं होतं का?"

प्रकरण काही नाही. मला सोलापूर सोडायचं नव्हतं, एवढंच. १९९८ साली लिपिक म्हणून चिकटलो तेव्हाच आईने बजावून ठेवलं होतं, "मोठा साहेब नाही झालास तरी चालेल, जेवायला घरी येत जा." नेमणुकीच्या सगळ्या अटी-शर्तींमध्ये ही अट मी सर्वात वर धरली. एकला स्कूटर काढायची, कडक भाकरी, शेंगा चटणी, ताक, दहा मिनिटं आडवं व्हायचं आणि दोनला खुर्चीत. (शासन निर्णयात जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान फक्त अर्धा तास आहे. पण शासन निर्णय लिहितात मुंबईत. तिथे घरी पोचायलाच दीड तास लागतो. कुणी दुपारी घरी जेवायला जात असेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार.)

माझ्याबरोबर लागलेला बार्शीकर मात्र गेला. आधी एका मंत्र्यांच्या कार्यालयात, उसनवारी तत्त्वावर. शेजारून वाटीभर साखर आणावी तसा तिथे माणूस उसना आणतात आणि साखरेसारखाच तो परत येत नाही. बदलापूरला त्याने फ्लॅट घेतला. अंधारात लोकल पकडायची, अंधारात उतरायचं. घरभाडं भत्त्याच्या वर्गवारीत मुंबई 'एक्स' आणि सोलापूर 'वाय', त्यामुळे भत्ता त्याला जास्त. पण तो एक्स कुठे जातो हे बीजगणित त्यालाही शेवटपर्यंत सुटलं नाही. मान मात्र त्याचाच. लग्नात तो आला की "मंत्रालयातले साहेब आले" म्हणून पुढच्या सोफ्यावर. मला म्हणतात, "तुम्ही जरा आहेराची वही धरा हो, तुम्हाला रजिस्टरची सवय आहे."

एका गावात राहायचं म्हणजे नुसतं बसून राहायचं, असं लोकांना वाटतं. बदल्यांचा २००५ चा कायदा आहे. एका पदावर साधारण तीन वर्षं झाली की माणूस हलवायचा, आणि तोही एप्रिल-मे महिन्यात. आमच्याकडे तेव्हा आधीच डांबर वितळत असतं. तरी मी टिकलो. तीन वर्षं मंगळवेढ्याला एसटीने येऊन-जाऊन केली. एकदा तर पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर बदली झाली. रीतसर निरोप समारंभ झाला. "आज ते आपल्यातून दूर जात आहेत" असं म्हणताना आमच्या हेडक्लार्कांचा गळा खरोखर दाटून आला. शाल खांद्यावर, श्रीफळ हातात, अशा अवस्थेत मी तेवीस पायऱ्या उतरलो. शिपायाने श्रीफळ "ठेवतो" म्हणून घेतलं. खाली स्वागत समारंभ. तिथेही शाल, तिथेही श्रीफळ. नारळ तोच होता. शेंडीखालचं कुंकू मी ओळखलं.

पण गंमत अशी, की पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर येण्याची नस्ती, म्हणजे फाइल, आमच्या खात्यात मुंबईला जाते. आणि नस्ती एकटी जात नाही. तिच्यामागे माणूस जावा लागतो, वासरामागे गाय जाते तसा. त्यामुळे मुंबईला न जाण्यासाठी मी जितक्या वेळा मुंबईला गेलो, तितक्या वेळा मुंबईतला माणूस पुलावरून समुद्रसुद्धा बघत नसेल. सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे एक टीसी तर ओळखीचे झाले. एकदा म्हणाले, "काय साहेब, मुंबईला बदली झाली वाटतं?" म्हटलं, "नाही हो, तीच टाळायला चाललोय."

मग २०२३ च्या फेब्रुवारीत वंदे भारत सुरू झाली आणि घरच्यांना वाटलं, आता एका दिवसात काम. गणित करून बघा. सकाळी ६.०५ ला सोलापूर सोडलं की १२.३५ ला सीएसएमटी. परतीची गाडी ४.०५ ला. हातात साडेतीन तास. टॅक्सी, रांग, ओळखपत्र, फोटो, पास. (कोणत्या इमारतीचा, ते लिहीत नाही. पेन्शन व्हायची आहे.) आत पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी. अर्धा तास एक ते दोनच्या 'दरम्यान' असल्यामुळे तो नेमका कुठला हे प्रत्येक टेबलावर वेगळं. अडीचला साहेब मीटिंगमध्ये. तीनला साहेब मीटिंगमधून निघाले, पण दुसऱ्या मीटिंगला. सव्वातीनला तुम्हाला साहेबांची पाठ दिसते. साडेतीनला निघालं नाही तर गाडी जाते. मी पुन्हा सिद्धेश्वरवर आलो.

अशाच एका खेपेला कार्यासनावर नवीन गृहस्थ होते. माझी नस्ती त्यांनी काढली. वर माझा अर्ज होता, "आईचे वार्धक्य व प्रकृती विचारात घेता..." आईला हे वाक्य कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं, ती तेव्हा माझ्यापेक्षा ताठ चालायची. गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"सोलापूरचेच का तुम्ही?"

"हो."

"मी सांगोल्याचा. चौदा वर्षं झाली इथं. तुमच्याकडं जागा हाय का हो एखादी?"

जागा होती. तिच्यावर मीच बसलो होतो आणि आणखी तीन वर्षं बसता यावं म्हणून त्यांच्यासमोर उभा होतो. मी लगेच सुरू केलं, "जागा कसली साहेब! आणि उकाडा म्हणजे काय विचारू नका. मेमध्ये चव्वेचाळीस. पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी." पाण्याचं तरी खरं होतं.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "पण हुरडा आसंल की आता."

जानेवारी होता. हुरडा होता. ह्यावर सांगायला माझ्याकडे काही खोटं नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि नस्ती 'मान्यतेस्तव सादर' केली. पुढच्या खेपेला मी किलोभर हुरडा घेऊन गेलो. काम झालेलं होतं, त्यामुळे ती लाच नव्हती. नुकसानभरपाई होती.

एक पदोन्नतीही नाकारली आहे. कोकण विभाग मिळाला होता. नाकारलं की आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळताही वरच्या पदाचा पगार देणारी ती योजना) लाभ जातो, हे बायकोला मी दोन वर्षं सांगितलं नाही. सांगितलं त्या दिवशी तिने कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब केला आणि रक्कम न बोलता फक्त माझ्या ताटात भाकरी वाढली. त्या रकमेला एवढी महागडी भाकरी महाराष्ट्रात कुणी खाल्ली नसेल. त्याआधीच्या पदोन्नतीची नस्ती हरवली तेव्हा एका कार्यालयात सांगितलं, "ती २०१२ च्या आगीत गेली." मंत्रालयाची ती आग मोठी होती, खूप कागद गेले, ते खरं. माझी नस्ती २०१४ ची होती.

हल्ली राजधानी स्वतःच येते म्हणा. व्हिडिओ कॉन्फरन्सवर येते, ग्रुपवर "तात्काळ, आजच ५ पर्यंत" म्हणून पावणेपाचला येते. त्यात नवीन काही नाही.

पुढच्या वर्षी मी निवृत्त होतोय. आमच्या भागाची पेन्शन प्रकरणं मंजुरीला जातात ती महालेखापालांकडे, मुंबईला. सेवापुस्तकातली त्या नाकारलेल्या पदोन्नतीची नोंद नीट नाही म्हणून आधीच आमच्या मुंबईच्या कार्यालयात एकदा जाऊन यायला सांगितलंय. मी बार्शीकराला फोन लावला. म्हटलं, एवढी वर्षं तुला त्रास दिला नाही, आता जरा बघ.

"अरे, मी बार्शीत आहे," तो म्हणाला. "मार्चमध्येच निवृत्त झालो. आत्ताच जेवून आडवा झालो होतो."

गेल्या आठवड्यात सिद्धेश्वर कुर्डूवाडीला थांबली तेव्हा तो मफलर गुंडाळून फलाटावर उभा होता. खिडकीपाशी आला आणि माझ्या हातात किल्ली ठेवली.

"बदलापूरचा फ्लॅट अजून विकला नाही. काम लगेच व्हायचं नाही तुझं. राहा सावकाश."