मोटरहोमचे शॉकअप घरी जरूर बदला, पण तो मेसेज वाचून नको

अमेरिकेतल्या आपल्या आरव्हीवाल्या (म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरणाऱ्या) मराठी मंडळींमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, मलाच तो वेगवेगळ्या लोकांकडून आलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: क्लास ए (बससारख्या मोठ्या) मोटरहोमचे शॉकअप बदलणं म्हणजे एका शॉकमागे दोन बोल्ट, बस्स. गाडी तिच्याच लेव्हलिंग जॅकवर उचलायची, खाली शिरायचं, दोन तासात चारही बदलून मोकळं. घरी चारशे डॉलरमध्ये होतं, शॉप याचेच दोन हजार घेतं ती शुद्ध लूट. नवीन शॉक बसले की गाडीचं डोलणं कायमचं बंद. पन्नास हजार मैल होईपर्यंत शॉककडे बघायची गरज नाही, अलाइनमेंट लागत नाही, ब्रँड कुठलाही घ्या, आणि हे सगळं कुठल्याही मोटरहोमला लागू.

मी स्वतः गाडीखाली झोपून काम करणाऱ्यातला आहे, आमची गाडी फोर्ड एफ-५३ चेसिसवरची पेट्रोल इंजिनवाली आहे आणि तिचे शॉक घरीच बदललेत. शॉपची वकिली करायला मी बसलेलो नाही. पण या मेसेजमधली एक ओळ माणूस मारू शकते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

"लेव्हलिंग जॅकवर उचला आणि खाली शिरा." नाही, नाही, अजिबात नाही. ते जॅक कॅम्पग्राउंडवर गाडी समपातळीत आणायला दिलेत, त्यांच्या भरवशावर खाली जायला नाही, आणि जॅक बनवणाऱ्या कंपन्या मॅन्युअलमध्ये हेच ठळक अक्षरात छापतात. हायड्रॉलिक जॅक आहे, सील गेलं, होज फुटली किंवा आत कुणी पोराने पॅनेलचं बटण दाबलं तर आठ-दहा टनांची गाडी खाली यायला वेळ लागत नाही.

पण याहून मोठी गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते. एफ-५३ सारख्या बऱ्याच चेसिसवर पार्किंग ब्रेक चाकांवर नसतो, तो ट्रान्समिशनच्या मागच्या टोकाला, ड्राइव्हशाफ्टवर, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर असतो. म्हणजे तो शाफ्ट धरून ठेवतो आणि शाफ्टमार्फत मागची चाकं. आता मागची एकच बाजू जमिनीवरून उचलली तर डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) हवेतलं चाक उलटं फिरायला मोकळं होतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं, शाफ्ट जागच्या जागी आणि गाडी मात्र चालायला लागते! दोन्ही बाजू उचलल्या तर पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. गिअर पार्कमध्ये टाकला तरी फरक पडत नाही कारण पार्कसुद्धा तोच शाफ्ट अडवतं. आणि अशी गाडी उभ्या जॅकवरून सरकली की जॅक वाकतात आणि ती खाली बसते. तुम्ही तेव्हा कुठे असाल? मागच्या ॲक्सलच्या शेजारी, पाठीवर झोपलेले, हात वर. हे चित्र एकदा डोळ्यासमोर आणा आणि मग तो मेसेज पुढे पाठवायचा की नाही ते ठरवा.

मजा म्हणजे एफ-५३ ला उचलायची गरजच बहुतेक वेळा पडत नाही. चाकं १९.५ किंवा २२.५ इंची, गाडी आधीच उंच, पाटे गाडीचं वजन घेऊन उभे असतात आणि शॉक काढला तरी गाडी इंचभरही खाली येत नाही, कारण शॉक वजन उचलतच नाही. सपाट काँक्रीटवर गाडी उभी करायची, चाकांना पुढून-मागून चांगले चोक (अडवणारे ठोकळे) लावायचे, किल्ली खिशात, घरातल्यांना सांगून ठेवायचं की मी खाली आहे, आत कुणी जायचं नाही. अजून जागा हवी असेल तर जाड लाकडी फळ्यांवर चाकं चढवून घ्या, मागच्या जोडचाकांपैकी दोन्ही फळीवर पाहिजेत, एकच नको. अशी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहते. खरंच उचलावंच लागलं तर फ्रेमखाली वजनाच्या हिशोबाचे जॅक स्टँड, आणि त्यावर वजन टेकल्याशिवाय डोकंसुद्धा खाली घालायचं नाही.

आता "दोन बोल्ट, दोन तास". बोल्ट दोनच असतात हे खरं आहे. ॲरिझोना-टेक्सासमधली गाडी असेल तर दोन तासात होऊनही जाईल. पण मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क, जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथल्या गाडीचा बोल्ट शॉकच्या टोकातल्या रबरी बुशच्या आतल्या लोखंडी नळीला असा चिकटून बसतो की नट निघतो आणि बोल्ट हलत नाही. बोल्ट फिरवला की नळी पण फिरते, रबर पिळवटतं, तुम्हाला वाटतं सुटतोय आणि तो जिथल्या तिथे. आदल्या दिवशीपासून पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, वायर ब्रशने आटे साफ करा, लांब ब्रेकर बार किंवा दमदार इम्पॅक्ट रेंच जवळ ठेवा, आणि तरीही नाही निघाला तर कापायची तयारी ठेवा, म्हणजेच नवीन नट-बोल्ट आधी आणून ठेवा, नाहीतर अर्धी उघडी गाडी दारात आणि दुकान बंद. काहीजण टॉर्चने तापवायला सांगतात, ट्रकवर ठीक असेल, मोटरहोमखाली नको. वर प्लायवूडचा फ्लोअर, फोम, वायरिंग, शेजारून जाणारी इंधनाची लाइन, ब्रेकची होज, कुठेतरी प्रोपेनची टाकी. घर आहे ते वर, लोखंडाचा सांगाडा नाही.

मेसेजमध्ये जे अजिबात नाही आणि जे सगळ्यात जास्त लोक चुकवतात ते म्हणजे शेवटचं आवळणं. शॉकच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतं, बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये पक्की होते आणि पुढे सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. ॲक्सल खाली लोंबत असताना तुम्ही पूर्ण आवळलं तर गाडी चाकांवर आली की बुश कायमचं पिळलेलंच राहतं, मग ते लवकर फाटतं आणि कटकट आवाज सुरू होतो, आणि माणूस म्हणतो शॉकच खराब निघाले. म्हणून आधी हाताने बसवा, गाडी आपल्या वजनावर चाकांवर आली की मग टॉर्क रेंचने सांगितलेल्या आकड्यापर्यंत आवळा, आकडा फोर्डच्या मॅन्युअलमधला किंवा शॉकच्या कागदावरचा, मित्राच्या अंदाजाचा नाही. गाडी जमिनीवरच ठेवून काम केलं की हा प्रश्न मुळातच येत नाही, म्हणूनही मी न उचलण्याच्या बाजूचा.

अजून एक, गॅसवाले नवीन शॉक दाबून पट्टी बांधून येतात. बिल्स्टीनसारख्या मोनोट्यूबमध्ये (एकाच नळीच्या शॉकमध्ये) नायट्रोजनचा दाब चांगलाच असतो, पट्टी कापली की दांडा जोर लावत बाहेर येतो. म्हणून आधी एक टोक बसवून घ्या, दुसरं टोक ब्रॅकेटच्या सरळ रेषेत धरा, बोटं ब्रॅकेट आणि शॉकच्या मधून काढा आणि मगच पट्टी कापा. ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला) शॉक उलटा बसवायचा नाही, मोनोट्यूबला बहुतेक ठिकाणी ते चालतं. आणि जुना शॉक कापू नका, तापवू नका, आत तेल आणि दाब दोन्ही असतात.

"नवीन शॉक बसले की डोलणं बंद." हे वाक्य ऐकून कितीतरी जणांनी महागडे शॉक घेतले आणि नंतर नाराज झाले. शॉक काय करतो? पाटा दबला-सुटला की त्याची हालचाल तेल बारीक झडपांमधून ढकलून मुरवतो, ती शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा झुलत असेल, पुलाच्या जॉइंटवर नाक वर-खाली करत असेल, तर हो, फरक जाणवेल, आणि मोठा जाणवेल. पण बाजूने सेमी ट्रक गेला की गाडी ढकलली जाणं, वळणावर एका बाजूला कलणं, सरळ रस्त्यावर सतत स्टेअरिंग दुरुस्त करत बसणं, याची मुळं बहुधा दुसरीकडे असतात. कलण्यासाठी अँटी-स्वे बार (दोन्ही बाजूंना जोडून कलणं रोखणारा दांडा) बघा, एफ-५३ वर तर बारच्या लिंकचा बोल्ट दुसऱ्या भोकात सरकवून बार कडक करायचा फुकटातला उपाय लोक कधीपासून करतायत. मागचं टोक आडवं सरकत असेल तर ट्रॅक बार, म्हणजे ॲक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा. आणि या सगळ्याच्या आधी टायरचं प्रेशर! ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर सामान, पाणी, माणसं भरलेली गाडी तोला, प्रत्येक ॲक्सलचं वजन घ्या, टायर कंपनीच्या तक्त्यात बघून हवा भरा. वजन न करता साइडवॉलवरचा मॅक्झिमम आकडा भरून हिंडणारे पुष्कळ आहेत, दगडासारख्या टायरवर गाडी उड्या मारते आणि शिव्या शॉकला बसतात. मी तरी कुणालाही शॉकचे पैसे खर्च करायच्या आधी वजन काट्यावरच पाठवतो.

"पन्नास हजार मैलांपर्यंत बघू नका." पन्नास हजार हा आकडा कारच्या जगातून आलाय, तिथे त्या सुमाराला तपासून बदला असं शॉक कंपन्याच सांगतात. मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभी असते, मैल कमी आणि वय जास्त, आणि सीलला, रबराला वयाचं कळतं. शिवाय कारसारखं कोपरा दाबून उसळी बघायची सोय इथे नाही, दहा टनांची गाडी कोण दाबणार. ट्रकवाल्यांची पद्धत वापरा: पंधरा-वीस मिनिटं नेहमीच्या वेगात चालवा, सुरक्षित जागी थांबा, आणि टेम्परेचर गन घेऊन प्रत्येक शॉकच्या अंगाचं आणि शेजारच्या फ्रेमचं तापमान बघा. काम करणारा शॉक फ्रेमपेक्षा गरम असतो. बाकी तीन गरम आणि एक फ्रेमइतकाच गार, तर तो मेलाय, नुसता लटकलाय. सायलेन्सरजवळचा शॉक उगाच गरम दिसतो, तेवढं लक्षात ठेवा. आणि अंगावर तेलाचा पातळ ओशटपणा, त्यावर धूळ, एवढ्याने घाबरू नका, तेल ओघळून खालच्या टोकाला थेंब लटकत असेल तर मात्र बदला, आणि त्या ॲक्सलचे दोन्ही बदला.

अलाइनमेंटचा मुद्दा बरोबर आहे. पाट्यावर बसलेला सरळ ॲक्सल आहे, शॉक त्याची जागा ठरवत नाही, कारमधल्या स्ट्रटसारखं ते नाही. कुणी शॉक बदलल्यामुळे अलाइनमेंट लागेल म्हणालं तर का ते विचारा. टायर एका बाजूने झिजत असेल तर वेगळी गोष्ट, मग शॉक न बदलताही करा.

"ब्रँड कुठलाही." सगळे सारखे नसतात. मन्रो स्वस्त पडतात आणि चालतात, बिल्स्टीन जास्त घट्ट वाटतात, कोनीचे एफएसडी लहान भरभर धक्क्यांना मऊ राहतात आणि मोठ्या संथ झुलण्याला कडक होतात, जुन्या काँक्रीटच्या इंटरस्टेटवर खडखड ऐकणाऱ्याला तो फरक पटतो. मात्र पार्ट नंबर चेसिसचं वर्ष आणि ग्रॉस वजन बघूनच घ्या. चेसिसचं वर्ष बरं का, मोटरहोमचं मॉडेल वर्ष बऱ्याचदा एकाने पुढचं असतं.

"कुठल्याही मोटरहोमला लागू." इथे पुन्हा जिवाचा प्रश्न आहे. डिझेल पुशर, म्हणजे मागे डिझेल इंजिन असलेली मोटरहोम, सहसा पाट्यांऐवजी एअरबॅगवर, म्हणजे हवेच्या फुग्यांवर बसलेली असते. बॅगेतली हवा गेली की गाडी खाली बसते, आणि तुम्ही फ्रेम आणि ॲक्सलच्या मध्ये असाल तर तिथेच चिरडले जाल, अशी माणसं गेलेली आहेत. त्यात बऱ्याच एअर सस्पेन्शनमध्ये ॲक्सल खाली किती जाईल ते शॉकच अडवून धरतो, म्हणजे फ्रेम उचलून शॉक काढला तर ॲक्सल आणखी खाली जातो आणि बॅग ताणली जाते. शॉकही चार नाहीत, सहा-आठ असू शकतात. ज्याच्याकडे योग्य स्टँड आहेत, पक्की फरशी आहे आणि चेसिस समजतं त्याने करावं, बाकीच्यांनी ही गाडी घरी उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली "लूट". बऱ्याच ठिकाणी शॉपचा दर तासाला १५० ते २०० डॉलर आहे. पेट्रोलवाल्या गाडीला चार शॉकचे तीन-चार तास धरले तर मजुरी ४५० ते ८००, चांगले चार शॉक ५०० ते १,००० च्या घरात. म्हणजे घरी केलं तर वाचते ती मजुरी, शॉकचे पैसे नाहीत, आणि मेसेजमध्ये दोन हजार विरुद्ध चारशे अशी जी तुलना केलीय ती स्वस्त शॉकची महागड्या शॉकशी केलीय. त्यातून ब्रेकर बार, मोठे सॉकेट, टॉर्क रेंच नसतील तर पहिल्या वेळची बचत त्यातच जाते, हत्यारं राहतात हा फायदा. ज्याला वेळ आहे, हौस आहे, गंज कमी आहे, त्याने जरूर घरी करावं, आपल्या गाडीखाली काय आहे ते एकदा डोळ्याने बघितलं की पुढे कुणी फसवू शकत नाही. गंजलेली गाडी असेल, खांदे-पाठ साथ देत नसेल किंवा उतारावरचा ड्राइव्हवे असेल तर शॉपला पैसे देण्यात कमीपणा काहीच नाही. फक्त आरव्ही डीलरकडे जायच्या आधी ट्रकच्या सस्पेन्शनचं काम करणाऱ्या शॉपला फोन करा, त्यांच्यासाठी हे रोजचं काम आहे आणि गाडी मावेल एवढी जागाही असते. स्वतःचे शॉक आणले तर लावून देता का, मजुरीवर वॉरंटी देता का, हे आधीच विचारा, काहीजण देत नाहीत. बोल्ट अडकला तर जास्तीचे तास कसे लावणार तेही विचारा. आणि गाडी देताना सांगा की बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा आणि जुने शॉक मला बघायला ठेवा.