न खेळलेल्याला कॅप कशाला?

रविवारी रात्री पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो जॅक लेस्ली या जुन्या इंग्लिश फुटबॉलपटूवरून. मीच विषय काढला होता. २०२३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्याला मानाची कॅप, म्हणजे देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती टोपी, दिली, तो वारल्यावर ३५ वर्षांनी.

"खेळला किती मॅच?" सूर्यानं विचारलं.

"इंग्लंडकडून? एकही नाही."

"मग कॅप कसली, भावा? रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड. मैदानात उतरला त्याचंच नाव लागतं."

सूर्या आमच्या तालमीचा जुना बॅक. आकड्यांच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नाही, आणि त्याचा मुद्दा फालतू नव्हता. म्हणून मी लेस्लीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पूर्व लंडनचा पोरगा, वडील जमैकाचे. प्लिमथ अर्गाइल क्लबकडून ४०० च्या आसपास सामने, १३७ गोल. १९२५ साली मॅनेजरनं बोलावून सांगितलं, इंग्लंडच्या संघात तुझी निवड झालीय. गावभर आनंद. नंतर छापून आलेल्या यादीत मात्र नाव नव्हतं. निवडणाऱ्यांना त्याचा रंग कळला, हे लेस्लीनं ओळखलं. इंग्लंडच्या मुख्य संघात पहिला काळा खेळाडू, विव्ह अँडरसन, उतरला तो १९७८ मध्ये. म्हणजे अजून ५३ वर्षांनी.

"वाईट झालं," सूर्या म्हणाला, "पण आता कॅप दिली म्हणून तो सामना खेळला असं होतं का?"

"नाही होत. आणि तसं कुणी लिहिलेलंही नाही. अँडरसनचा मान अँडरसनकडेच आहे. लेस्लीला खेळू दिलं नाही, एवढंच त्या कॅपनं कबूल केलंय."

इथं पक्या मध्ये पडला. "म्हणजे खेळला असता तर नाव राहिलं असतं."

हेच मला पटत नाही. अँड्र्यू वॉटसन खेळला होता! ब्रिटिश गयानात जन्म, आई तिथलीच, बाप श्रीमंत स्कॉटिश मळेवाला. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबचा बॅक. १२ मार्च १८८१ ला लंडनच्या ओव्हलवर तो स्कॉटलंडचा कॅप्टन होता आणि स्कॉटलंडनं इंग्लंडला ६-१ नं धुतलं. घरच्या मैदानावर इंग्लंडचा त्याहून मोठा पराभव आजवर झालेला नाही. तीन सामने, तिन्ही जिंकले. पुढं तो लंडनला गेला आणि त्या काळी स्कॉटलंडबाहेर राहणाऱ्याला संघात घेत नसत, म्हणून त्याचं देशाकडून खेळणं तिथंच थांबलं.

सूर्याचं रेकॉर्ड त्याच्याजवळ होतं की! तरी दशकानुदशकं कुणाला पत्ता नव्हता, की या नावाचा माणूस काळा होता. स्कोअरशीटवर 'वॉटसन' एवढंच लिहिलेलं. मग कुणीतरी जुन्या संघाचे फोटो नीट बघितले, जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळल्या. तो ऑस्ट्रेलियात वारला असं लोक धरून चालले होते. तपास लागला तेव्हा कळलं, तो बोटीवर इंजिनिअर होता आणि १९२१ साली लंडनजवळ क्यूमध्ये गेला. थडगं रिचमंडच्या दफनभूमीत सापडलं, मोडकळीला आलेलं. मग ते दुरुस्त केलं. मला विचाराल तर या माणसाचा खरा सन्मान तिथं झाला, त्या धुळीच्या नोंदी उलटताना.

"आणि आर्थर व्हार्टन?" अण्णा म्हणाले. ते स्वतः गोली, म्हणून व्हार्टन त्यांचा. आताच्या घानातल्या अक्राचा पोरगा, मिशनरी व्हायला इंग्लंडला आलेला, झाला गोलकीपर. १८८६ मध्ये १०० यार्ड १० सेकंदांत पळाला. पहिला काळा व्यावसायिक फुटबॉलपटू. शेवटी कोळसा खाणीवर राबून १९३० मध्ये कफल्लक मेला. थडग्यावर दगड बसायला १९९७ उजाडलं, तेही शेफिल्डच्या लोकांनी चळवळ केली म्हणून.

"सदुसष्ट वर्षं," अण्णा पुटपुटले. चहा निवला होता.

सूर्या अजून अडून होता. "दगड ठीक आहे. कॅप नाही." वाद काही मिटला नाही, आणि मिटावा असंही मला वाटत नाही. पण उठताना त्यानंच विचारलं, "लेस्ली नंतर काय करायचा रे?"

"बॉयलरच्या कामावर. म्हातारपणी लंडनच्या वेस्ट हॅम क्लबच्या बूटरूममध्ये. खेळाडूंचे बूट साफ करायचा. आपण कोण होतो ते फारसं बोलायचा नाही."

"कुणाचे बूट?"

"बॉबी मूरचे. इंग्लंडला वर्ल्ड कप जिंकून देणारा कॅप्टन."

सूर्या थांबला. "आणि?"

"बर्म्युडाहून एक काळा फॉरवर्ड आला होता, क्लाइड बेस्ट. त्याचेही."