इंजनाला जिथं दम लागत नाही

सकाळपासून डोकं फिरलंय. आंघोळ झाली, पोहे झाले, दोन कप चहा झाला, तरी उतरत नाही. म्हणून इथं ओकतेय. लांबलचक पोस्टचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी खुशाल पुढं सरकावं.

रविवारची राईड. पहाटे साडेपाचला मिरजेतून तिघी निघालो, नागपूर हायवेनं कवठेमहांकाळच्या दिशेला. पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, एकीमागं एक, मागं लाल दिवे, अंगात ते भडक पिवळं जाकीट. तरी उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर समोरून राँग साईडनं आला. दिवा एकच, तोही आभाळाकडं तोंड केलेला. शेवटच्या क्षणाला खाली खडीत उतरलो. मैत्रिणीची चेन उतरली, गुडघा फुटला. दोघी परत फिरल्या. माझं डोकं तापलेलं, मी घरी जाऊन काय करणार? म्हटलं, निदान मामाची लाईन बघून येऊ. हायवे सोडला आणि आतल्या रस्त्याला लागले.

तर तिथं जेसीबी.

बार्शी लाईट रेल्वेचा जुना भराव आहे ना, दोन्ही अंगाला बाभळी असलेला, तो एका टोकाकडून पाव कापावा तसा कापत चालले होते. ट्रॅक्टर उभा, ट्रॉली निम्मी भरलेली. मी सायकल आडवी लावली.

"दादा, हे कशाला उकरताय?"

"जोत्यात भर टाकायचीय, ताई. मुरूम झ्याक हाय हितला."

"रेल्वेची जागा ना ही?"

"आता कुठली रेल्वे? पडीकच हाय की." आणि मग, नेहमीचं: "सायकल कितीची?"

मी किंमत सांगितली, दहा हजार कमी करून. घरी सांगते तीच. आणि निघून आले. एवढी तोंडाळ मी, त्याला एक शब्द बोलले नाही. खरा राग बहुतेक त्याचाच आहे.

आता बार्शी लाईट म्हणजे काय हे तरुण मंडळींना सांगायला हवं. अडीच फुटी रुळांची छोटी गाडी. कुर्डुवाडी-बार्शी १८९७ ला सुरू झाली, पुढं पंढरपूर, लातूर करत १९२७ ला आमच्या मिरजेला पोचली. आरग, बेळंकी, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव. वारीला टपावर माणसं बसायची. चालत्या गाडीतून उतरून, ओढ्याला जाऊन, परत पळत येऊन चढता येतं असे विनोद सगळ्या घरांत होते, आणि फार काही खोटे नव्हते. मग ब्रॉडगेज आली. चांगलं झालं. ब्रॉडगेज नको होती असं मी म्हणत नाही, उगाच कुणी कमेंटमध्ये ते सुरू करू नका. बरीचशी जुनी जागा नव्या रुळांखालीच गेली हेही मला ठाऊक आहे. पण छोट्या गाडीची वळणं सरळ करताना जुन्या लाईनचे तुकडे बाजूला पडून राहिले. कुठं भराव, कुठं कटिंग, कुठं रुळांखालून पाणी जायची दगडी मोरी. आज सकाळी जेसीबीच्या तोंडात होता तो त्यातलाच एक तुकडा.

माझा मामा या लाईनीवर गँगमन होता. खांद्यावर हातोडा, हातात लांब पाना, रोज ठरलेला पट्टा चालत बघायचा. ढिलं झालेलं काही दिसलं की दोन ठोके. मी पाचवीत असताना, म्हणजे १९८६-८७ ची मे महिन्याची सुट्टी, त्यानं मला त्याच्या चोवीस इंची काळ्या सायकलवर शिकवलं. सीटवर पाय पुरत नव्हते, दांडीखालून पाय घालून हाफ पायडल. परकर चेनमध्ये अडकून फाटला तेव्हा मामीनं दोघांनाही बोल लावले. गावातल्या रस्त्यावर पोरं हसायची, म्हणून मामा मला रुळालगतच्या गँगमनच्या पायवाटेवर घेऊन जायचा. तो पुढं चालत, मी मागं वाकडीतिकडी. एकदा मी म्हटलं, "मामा, पुढं चढ आहे, मला नाही जमायचं."

मामा थांबला सुद्धा नाही. म्हणाला, "इंजनाला जिथं दम लागत न्हाई, तिथं तुला कशाला लागंल?"

आणि खरंच नाही लागला. दूरवर दंडोबाचा डोंगर, आम्ही त्या बाजूला चढत होतो आणि मला कळलंच नाही. आज चाळीस वर्षं होत आली, कितीतरी घाट चढले, पण सायकलवर बसण्यातलं सुख नेमकं कशात आहे ते त्या एका वाक्यात जेवढं कळलं तेवढं नंतर कधी कळलं नाही. रेल्वेला खडा चढ चालत नाही. शंभर फुटांना एखादा फूट, फार तर दोन. म्हणून ते लोक टेकडी फोडतात, ओढ्यावर भराव घालतात, वळसा घेतात. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी घमेल्यानं माती वाहून हा सपाटपणा तयार केला. आणि आपण तो जोत्यात घालतोय. घाला!

आता गंमत ऐका. ही बार्शी लाईट बांधणारा इंजिनिअर एव्हरर्ड कॅलथ्रॉप. त्यानं पुढं इंग्लंडात स्टॅफर्डशायरमध्ये अशीच एक अडीच फुटी लाईन उभी केली, मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात, १९०४ ला. बार्शी लाईटची धाकटी बहीणच म्हणा. ती काही चालली नाही. १९३४ ला बंद पडली. आणि तिथल्या कौन्सिलनं काय केलं? रूळ उचलले, वाट केली, १९३७ ला चालणाऱ्यांना खुली करून टाकली. जेमतेम तेरा किलोमीटर. आजही लोक त्यावरून चालतात, सायकली चालवतात, पोरंबाळं घेऊन. एकाच बापाच्या दोन पोरी. एक १९३७ ला चांगल्या घरी पडली, दुसरीचं हे असं.

आपल्या ग्रुपमधल्या एकानं मागं न्यूझीलंडला मुलाकडं गेल्यावर ओटागोच्या रेल ट्रेलचे फोटो टाकले होते, आठवतंय? आपण सगळ्यांनी बदाम दिले होते. १९९० ला बंद पडलेली रेल्वे, २००० ला पूर्ण झालेला ट्रेल, १५२ किलोमीटर. लोक चार-पाच दिवस घेऊन निवांत जातात, वाटेतल्या खेड्यांत राहतात, तिथंच जेवतात. मिरज-पंढरपूर अंतरसुद्धा असंच सव्वाशे-दीडशेच्या घरात. मी फोटो बघताना सारखा तोच विचार करत होते. कवठेमहांकाळला बेदाण्याच्या शेडपाशी थांबावं, सांगोल्यात मुक्काम करावा, तिसऱ्या दिवशी चंद्रभागेत पाय बुडवावेत. सायकलवाल्यांचंच काय, वारकऱ्यांचंसुद्धा किती बरं होईल, हायवेच्या कडेनं जीव मुठीत धरून चालण्यापेक्षा.

नाही, तुमचं बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला मारायची राईड, वगैरे मला माहीत आहे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत. मी केलंय, पदक कपाटात आहे. छान असतं. पण सगळं हायवेवरच, मान खाली घालून, घड्याळ बघत. मला आता वेळ गाठायची नाही. मला मध्ये थांबून कुणाच्या तरी बांधावर बसून भाकरी खायचीय. यासाठी कुणाची परवानगी लागते?

लागते म्हणे. कारण जागा रेल्वेची. आणि रेल्वेला उद्या परत लागली तर? बरोबर प्रश्न आहे, मान्य. पण त्याचं उत्तर अमेरिकेनं १९८३ ला कायद्यातच लिहून ठेवलंय. रेल्वे तयार असेल तर बंद लाईनीचा पट्टा तोडायचा नाही, तुकड्यांत विकायचा नाही, अखंड ठेवायचा. रेल्वेला गरज पडली तर तिनं परत घ्यावा, तोवर माणसं चालतील. मिसुरीतला कॅटी ट्रेल त्यातनंच झाला. १९८६ ला पुरानं लाईनीची वाट लागली, रेल्वेनं गाड्या बंद केल्या, आणि आज तिथं पावणेचारशे किलोमीटरहून लांब वाट आहे. पुरानं! सांगलीकरांना पुराचं काय सांगायचं. आपल्याकडं पूर ओसरला की पंचनामा होतो.

अमेरिकेतही लगतचे जमीनमालक कोर्टात गेले होते. लाईन बंद म्हणजे जमीन आमची, असं त्यांचं म्हणणं. १९९० ला सुप्रीम कोर्टात कायदा टिकला, पण पुढं काहींना भरपाई द्यावी लागली. द्यावी की. मी कुठं म्हणते कुणाची फुकट घ्या?

मुद्दा एवढाच की पट्टा अखंड असण्यातच सगळी किंमत आहे. मध्ये दोनशे मीटर भराव गेला की उरलेला पाच किलोमीटर नुसता मातीचा ढीग. परत तसा घालायचा म्हटलं तर कुणाची ताकद आहे? आणि हे कुणी एकदम करत नाही हो. एक ट्रॉली याच्या जोत्याला, दोन ट्रॉल्या त्याच्या गोठ्याला. कुणालाच चोरी केल्यासारखं वाटत नाही.

नवऱ्यानं आत्ता मागून वाचलं. म्हणाला, जतमध्ये लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुला सायकलचा रस्ता पाहिजे. यावर मी काय बोलणार? पाणी आधीच. पण भराव कापल्यानं जतला पाणी येणार आहे का? (तो हसला आणि दूध आणायला गेला. आज तोच शहाणा.)

अजून एक कबूल करते. अशा एकाकी वाटेवरून संध्याकाळनंतर एकटी जायची माझीच हिंमत होणार नाही. आणि वाट झाली की पहिल्या आठवड्यात बुलेटवाले तिथं फटाके वाजवत येणार हेही मला दिसतंय. दगडी खांब रोवा, काहीतरी करा. कालव्याच्या कडेच्या रस्त्यांचं आपण काय केलं ते बघतेच आहे. खोडशीच्या बंधाऱ्यापासून निघालेला कृष्णा कालवा घ्या, केवढा जुना, पाणी वाहतं म्हणजे उतार तसाच अलगद. अमेरिकेत एका जुन्या कालव्याच्या काठानं वॉशिंग्टनपासून जवळजवळ तीनशे किलोमीटर सायकलवाट आहे, आणि पुढं ती रेल्वेच्या जुन्या वाटेला मिळून थेट पिट्सबर्गला जाते. आपल्याकडं कालव्याच्या काठावर कचरा आणि मोटारींचे पाईप. असो. तो विषय काढला तर जेवण राहील.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. त्या ट्रॅक्टरवाल्याचा आता तेवढा राग येत नाहीये. घर बांधतोय बिचारा, विकतचा मुरूम काय भावानं मिळतो ते मलाही माहीत आहे. त्याला कुणी सांगितलंच नाही की ही कुणाची तरी वस्तू आहे. तिथं एक पाटीसुद्धा नाही. सांगलीत निदान "स्टेशन चौक" हे नाव तरी उरलंय. स्टेशन जाऊन पिढी उलटली तरी रिक्षावाला बरोबर तिथं सोडतो.

दुपारी मामाला फोन केला. ऐंशी उलटलीत, ऐकू कमी येतं, सगळं दोनदा ओरडून सांगावं लागतं. भरावाचं सांगितलं. मला वाटलं चिडेल, निदान हळहळेल. त्यानं एकच विचारलं, "मोरी शाबूत हाय का?"

ही मोरी म्हणजे आम्ही दोघांनी रंगवलेली. त्याच सुट्टीत मुकादमानं त्याला मोऱ्यांचे नंबर नव्यानं घालायला सांगितले होते. मी चुन्याचा डबा धरला होता आणि शेवटचा आकडा त्यानं मला काढू दिला होता. आठ. माझा आठ खालच्या बाजूला फुगला, मामा म्हणाला, "असू दे, गाडी काय वाचत न्हाई." नंतर कित्येक वर्षं त्या गाडीनं आजोळी जाताना मी खिडकीतून तो फुगलेला आठ शोधायचे.

मी फोनवर ओरडून सांगितलं, "हाय मामा, शाबूत हाय."

बघितली नव्हती. जेसीबीच्या पलीकडं होती, बाभळीत. मी किंमत सांगून, तोंड फिरवून निघून आले होते ना.

येत्या रविवारी परत जातेय. पहाटे साडेपाच, मिरज स्टेशनच्या बाहेर चहाच्या गाड्यावर. यावेळी हायवेनं नाही, आतून जाऊ, आरगवरून. पंक्चरचं सामान, पुढचा-मागचा दिवा आणि कुणाकडं असेल तर थोडा चुना घेऊन या.