तो फोटो पाठवू नकोस

परवा रात्री नऱ्ह्याहून धाकट्या मावसबहिणीचा फोन. "दादा, निनावी टाकलं तर काही होत नाही ना?" ती राज्य सरकारच्या एका कार्यालयात लिपिक. व्हॉट्सअॅपवर फिरणारा निरोप तिच्यापर्यंत पोचला होता: 2014 च्या कायद्यामुळे भ्रष्टाचार उघड करणाऱ्याच्या नोकरीला कुणी हात लावू शकत नाही, निनावी तक्रार चालते, 24 तासांत पोलीस संरक्षण, वर 10 टक्के बक्षीस. तेव्हा फायलींचे फोटो काढा आणि ग्रुपवर टाका!

कायदा 2014 चा, एवढं खरं. पण तो कधीपासून लागू, हे सरकारने अधिसूचना काढून सांगायचं होतं आणि ती निघालेलीच नाही. बरं, लागू असता तरी? त्याच कायद्याचं कलम 4 म्हणतं, तक्रारदाराने ओळख दिली नाही तर कारवाई नाही. निरोप लिहिणाऱ्याने कायदा उघडूनसुद्धा पाहिलेला नाही.

नाव गुप्त ठेवण्याची सोय आहे, हे मान्य करावं लागेल. केंद्राचा 2004 चा ठराव: बंद पाकीट केंद्रीय दक्षता आयोगाकडे, नाव पाकिटावर नाही, आतल्या पत्रात. पण राज्याचा कारभार त्यात येतच नाही. आणि तो ठराव आला महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे गेल्यावर. महामार्गाच्या कामातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधानांना लिहिलं, नाव गुप्त ठेवा म्हणाले, तरी पत्र कार्यालयांतून फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्यांचा खून झाला. तपासयंत्रणेने तो लूटमारीतून झाल्याचं म्हटलं.

संरक्षण? तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी ते मागत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांना मारलं. बक्षीस मिळतं ते करचुकवेगिरी, बेनामी मालमत्तेच्या खबरीला.

राहिला फोटो, आणि माझं डोकं फिरलं ते तिथेच. कार्यालयातला कागद परवानगीवाचून बाहेर देणं हाच वर्तणूक नियमांचा भंग. गैरव्यवहाराची चौकशी राहते बाजूला, आधी हिचं निलंबन. वर म्हणे निनावी! तिने काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. कोपऱ्यात टेबलाच्या काचेखालचं बालाजीचं कॅलेंडर, शेजारी तिचा हिरवा डबा. हे टेबल कुणाचं, ते शिपाईसुद्धा सांगेल.

लाच मागितली असेल तर लाचलुचपतवाल्यांचा 1064 आहे, तिथे बोल, म्हटलं. आणि फोटो आधी काढून टाक.

"टाकते. पण यांना पाठवला होता रे, नुसता दाखवायला. त्यांनी पुढे कुणाला पाठवला का, विचारते."