टर्बो पेट्रोल पिकअपवर फिरणारा मेसेज कुठे चुकतो

अमेरिकेतल्या पिकअपबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे, तिथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही. गोषवारा असा: "लहान इंजिनाला टर्बो लावून मोठ्या गाडीचं काम काढणं ही फसवणूक आहे. अशी इंजिनं टिकत नाहीत, टोयोटा टुंड्राने ते सिद्ध केलं. व्ही-8 ची ओढ त्यांना नाही. मायलेज फक्त कागदावर. सरकारी नियमांमुळे कंपन्यांनी ती लोकांच्या गळ्यात मारली. आता नियम सैल झाले, रॅमने हेमी परत आणलं, म्हणजे टर्बो पेट्रोलचा खेळ संपला." टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणारा पंखा, व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, आणि हेमी हे रॅम या पिकअप कंपनीचं व्ही-8. लोक असं वाचून आयुष्यातली मोठी खरेदी ठरवतात, म्हणून एकेक मुद्दा नीट बघायला हवा.

टोयोटाची पिकअप टुंड्रा आधी घेऊ, कारण मेसेजचा सगळा भार तिच्यावर आहे. 2022 च्या मॉडेलपासून टोयोटाने तिच्यातलं 5.7 लिटरचं व्ही-8 काढून दोन टर्बोंचं व्ही-6 बसवलं. मे 2024 मध्ये टुंड्रा आणि टोयोटाचीच महागडी एसयूव्ही लेक्सस एलएक्स मिळून सुमारे 1 लाख 2 हजार गाड्या कंपनीला परत बोलवाव्या लागल्या, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये आणखी सव्वा लाखाच्या आसपास. चालत्या गाडीत इंजिन बंद पडण्याचा धोका होता. एवढं सगळं खरं आहे. पण कारण काय होतं? कारखान्यात इंजिनाच्या भागांवर यंत्रकाम करताना निघालेला चुरा आतून पूर्ण साफ झाला नव्हता. तो क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, मेन बेअरिंगपर्यंत पोचला तर घात होतो. चालू इंजिनात क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकत नाही, ऑइलच्या केसाहून पातळ थरावर तो फिरत असतो. त्या थरात चुरा शिरला की बेअरिंग खरवडतं, तापतं आणि शेवटी जाम होतं. यात टर्बोचा दोष नव्हता, साफसफाईचा होता. एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी: टर्बो इंजिनात कमी आरपीएमलाच सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो, बेअरिंगवर ताण जास्त येतो. कारखान्यातला हलगर्जीपणा अशा इंजिनात लवकर अंगाशी येतो.

आता दुसरी बाजू बघा. एप्रिल 2025 मध्ये जनरल मोटर्सने 6.2 लिटरच्या व्ही-8 च्या जवळजवळ 6 लाख गाड्या एकट्या अमेरिकेत परत बोलावल्या. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टमध्ये उत्पादनातले दोष होते. तपासणीत पास झालेल्या इंजिनांनाही आधीपेक्षा जाड ऑइल भरून दिलं. या इंजिनाला टर्बो नाही. मेसेजचा तर्क लावायचा तर मग व्ही-8 वरही काट मारावी लागेल.

खास टर्बोमुळे आलेला दोष हवा असेल तर तो फोर्डच्या पिकअपमधल्या पहिल्या इकोबूस्ट या टर्बो पेट्रोल इंजिनात होता. टर्बोने दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून इंजिनात सोडतात. दमट हवेत, रिमझिम पावसात बराच वेळ एका वेगाने गाडी चालली की इंटरकूलरमध्ये पाणी साचायचं. ओव्हरटेक करायला जोरात ॲक्सिलरेटर दाबला की ते पाणी एकदम आत ओढलं जायचं, इंजिन मिसफायर व्हायचं आणि ऐन मोक्याला गाडीचा जोर जायचा. माझ्या मते टुंड्रापेक्षा हे उदाहरण मेसेजवाल्यांच्या जास्त कामाचं होतं. फोर्डने त्यावर उपाय केले आणि ते इंजिन सुधारत आजवर चालू ठेवलं.

शिवाय टर्बोवरच अविश्वास असेल तर डिझेल पिकअपचं काय? डॉजने 1989 च्या मॉडेलपासून कमिन्सचं 5.9 लिटरचं टर्बो डिझेल दिलं, आणि टिकाऊपणासाठी आज त्याच इंजिनाचं नाव घेतात. पेट्रोलचा एक्झॉस्ट डिझेलपेक्षा बराच जास्त तापतो, त्यामुळे पेट्रोल टर्बोला धातू चांगला लागतो आणि ऑइल वेळेवर बदलावं लागतं. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्यालाही आधार ऑइलच्या थराचाच असतो. ट्रेलर ओढणाऱ्याने ऑइल 10 हजार मैलांवर नेऊ नये, 5 हजारांवर बदलावं.

ओढीचा मुद्दा तर आकड्यांपुढे टिकतच नाही. टुंड्राचं जुनं व्ही-8 3,600 आरपीएमला 544 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, द्यायचं. नवं व्ही-6 2,400 आरपीएमलाच 649 देतं. ट्रेलर जोडून सिग्नलवरून निघताना ड्रायव्हरला कामाला येतो तो हा खालचा टॉर्क.

उंचीवर फरक आणखी वाढतो. डेन्व्हरहून पश्चिमेला आय-70 ने निघालं की आयझेनहॉवर बोगदा 11 हजार फुटांवर लागतो. तिथे हवा इतकी विरळ असते की बिनटर्बोचं इंजिन आपली तीन दशांशाच्या आसपास ताकद गमावतं, तीही नेमकी चढणीवर. टर्बो जास्त वेगाने फिरून बरीचशी तूट भरून काढतो. हे कुणी जाहिरातीसाठी शोधलेलं नाही. 1918 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवून त्याच कोलोरॅडोतल्या 14 हजार फुटांवरच्या पाइक्स पीकवर नेलं होतं. खाली साधारण 350 अश्वशक्ती देणारं इंजिन वर 230 वर आलं, आणि टर्बो जोडल्यावर 356 देऊ लागलं.

मायलेजबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे. रिकामी गाडी सावकाश चालवली तर लहान इंजिन पेट्रोल वाचवतं. टू-व्हील ड्राइव्ह टुंड्राचा सरकारी सरासरी आकडा गॅलनला 15 मैलांवरून 20 वर गेला, म्हणजे लिटरला 6.4 किलोमीटरवरून 8.5 वर. त्यात 6 ऐवजी 10 गिअरच्या गिअरबॉक्सचाही वाटा आहे. पण मागे जड ट्रेलर लागला की टर्बो सतत दाब देतो, आतलं तापमान वाढतं, आणि नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनाला बसणारे ठोके) टाळायला, भाग थंड ठेवायला कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडतो. तेव्हा बचत संपते. विक्रेत्यांनी हे ग्राहकाला तोंडावर सांगायला हवं.

म्हणूनच फोर्डने सुपर ड्यूटीसारख्या अवजड पिकअपना इकोबूस्ट दिलं नाही. 2020 मध्ये तिथे 7.3 लिटरचं, टर्बो नसलेलं व्ही-8 आणलं. दिवसभर पूर्ण भाराखाली राबणाऱ्या पेट्रोल गाडीला मोठं, साधं इंजिन आजही योग्य आहे.

राहिला सरकारी सक्तीचा मुद्दा. नियमांचा दबाव होता, यात वाद नाही, आणि जुलै 2025 मध्ये मायलेज नियमांचा दंड शून्य झाला हेही खरं. पण 2011 पासून फोर्डच्या एफ-150 पिकअपमध्ये इकोबूस्ट आणि 5 लिटरचं व्ही-8 शेजारी शेजारी मिळत आले आहेत. ज्यांनी टर्बो निवडलं त्यांनी समोर पर्याय असताना निवडलं. रॅमने 2026 साठी हेमी परत आणलं, पण 3 लिटरचं टर्बो हरिकेन काढलं नाही. जनरल मोटर्स नव्या पिढीच्या व्ही-8 साठी न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्यात 88.8 कोटी डॉलर घालते आहे, आणि तिची 2.7 लिटरची चार सिलिंडर टर्बो सिल्व्हराडोही विक्रीला आहे. टुंड्राच्या हायब्रिडमध्ये त्याच टर्बो व्ही-6 ला विजेची मोटर जोडून टॉर्क 790 न्यूटन मीटरपर्यंत नेला आहे. टर्बो फिरू लागेपर्यंतचा क्षणभराचा उशीर ती मोटर भरून काढते.

ज्यांच्या दारात 2022 ते 2024 ची टुंड्रा किंवा 2021 ते 2024 ची 6.2 व्ही-8 असेल त्यांनी मेसेज पुढे ढकलण्याआधी गाडीचा 17 अक्षरी व्हीआयएन, म्हणजे आपला चासी नंबर, एनएचटीएसए या अमेरिकेच्या सरकारी वाहनसुरक्षा संस्थेच्या वेबसाइटवर टाकून पाहावा. आपली गाडी परत बोलावलेल्यांत आहे का ते लगेच कळतं, आणि दुरुस्ती कंपनी फुकट करून देते.