मेंढीचं ‘नर-मादी चेकिंग’: मामांच्या फॉरवर्डला उत्तर

माण तालुक्यातल्या आमच्या मामांनी काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मशीनवालं पोरगं परवा येतंय, 40 मेंढ्या दाखवू का?" मेसेज असा: पोर्टेबल सोनोग्राफीने 30व्या दिवशी मेंढीच्या पोटात नर का मादी ते शंभर टक्के कळतं, मादी निघाली तर एक इंजेक्शन द्या, मेंढी खाली होऊन (म्हणजे गाभ पडून) परत माजावर येते, निदान चुकलं तर पैसे परत, परदेशात सगळे हेच करतात, आणि जनावरांना कायदा लागू नाही तेव्हा बिनधास्त करा. खाली हात जोडलेले तीन इमोजी. मी जनावरांची डॉक्टर आहे हे मामांना माहितीय, तरी आधी मेसेजवर विश्वास बसला, म्हणजे बाकीच्यांचं काय होत असेल.

पहिलं ते 30 दिवसांचं. सोनोग्राफीने मेंढीच्या गर्भाचं लिंग ओळखता येतं, हे खरंय, नाही म्हणत नाही. पण कसं ते बघा. गर्भाच्या मागच्या दोन पायांमध्ये एक बारीक उंचवटा असतो, स्क्रीनवर तो दोन ठळक पांढऱ्या ठिपक्यांसारखा दिसतो. सुरुवातीला नर असो का मादी, तो एकाच जागी असतो. मग नरात तो नाळेकडे सरकतो आणि मादीत शेपटीकडे. हे सरकणं व्हायलाच दीड महिना लागतो. 30व्या दिवशी गर्भ जेमतेम दीडेक सेंटीमीटरचा, त्यात कोणी "नर आहे" म्हणाला तर तो स्क्रीन बघत नाहीये, तुमचा खिसा बघतोय. 1998 साली ‘थेरिओजेनॉलॉजी’ या जनावरांच्या प्रजननावरच्या जर्नलमध्ये कौब्रो आणि कॅसल यांचा याच पद्धतीवर पेपर आला होता, त्यांनी 60 ते 69 दिवसांच्या गाभण मेंढ्या तपासल्या आणि निदान बरोबर आलं ते नव्वद टक्क्यांच्या आसपास. अभ्यास करायला बसलेल्या जाणकारांचा हा आकडा, आणि हा पोरगा उन्हात वाघुरीपाशी (मेंढ्या कोंडायच्या जाळीपाशी) उभा राहून शंभर टक्के सांगणार! जुळी असली, गर्भ आडवातिडवा असला, शेपटी मध्ये आली की जाणकार पण चुकतात. आणि मुळात आपल्याकडे मेंढा वर्षभर कळपातच असतो, कुठली मेंढी कधी लागली याची तारीख कोणाकडे आहे? मग 30 दिवस मोजायचे कुठून.

आता इंजेक्शन. यावर मी जास्त लिहिणार आहे कारण नुकसान इथे आहे. हे इंजेक्शन म्हणजे प्रोस्टाग्लँडिन, ते अंडाशयातला पीतपिंड विरघळवतं, गाभ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन बंद पडतं आणि जनावर गाभडतं. शेळीत गाभ शेवटपर्यंत पीतपिंडावरच टिकतो म्हणून तिथे ते कधीही चालतं. मेंढीत तसं नाही, साधारण 50-55 दिवसांनंतर वारच (प्लॅसेंटा) पुरेसं प्रोजेस्टेरॉन बनवायला लागते, मग पीतपिंड गेला तरी गाभ राहतो. म्हणजे बघा, इंजेक्शन चालतं त्या दिवसांत लिंग धड दिसत नाही, आणि लिंग नीट दिसायला लागतं तोवर इंजेक्शनचा भरवसा गेलेला. मग हे लोक डोस वाढवतात, सोबत स्टेरॉइड मारतात, आणि मेंढी अर्धवट गाभडली की वार अडकते, गर्भाशयात पू होतो, ताप चढतो, आणि ती पुढच्या वेळी लागेलच याची गॅरंटी कोण देणार? दोन महिन्यांचा चारा गेला तो वेगळाच.

अजून एक, हे औषध कातडीतून अंगात शिरतं. गरोदर बाईने आणि दमेकऱ्याने त्याला हात लावू नये अशी ताकीद असते. मामांची सून सध्या पोटुशी आहे आणि मेंढी धरायला वाड्यावर (मेंढ्यांच्या तळावर) तीच पुढे असते. हे फॉरवर्डमध्ये कुठे लिहिलंय?

"चुकलं तर पैसे परत" ही तर खरी गंमत. नर-मादी निम्मे-निम्मे जन्मतात. मशीन बंद ठेवून सगळ्यांनाच "नर" सांगितलं तरी निम्मे बरोबर येणार, उरलेल्यांचे पैसे परत दिले तरी धंदा फायद्यात. आणि ज्यांना "मादी" सांगितलं त्यांचं तर गाभच पाडून टाकायचं, मग तो चुकला हे सिद्ध करणार कोण!

परदेशाचं थोडक्यात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटनमध्ये गाभण मेंढ्यांचं स्कॅनिंग करतात, सराईत माणूस दिवसाला शेकड्यांनी मेंढ्या बघतो, पण तो मोजतो ती पिल्लं. भाकड, एक, जुळी असं बघून पाठीवर रंगाची खूण मारतो, म्हणजे जुळीवालीला शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात जादा खुराक देता येतो, नाहीतर ती गाभणपणीच आजारी पडते. आपल्याकडे दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते म्हणून याची गरज कमी वाटायची, पण फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालमधल्या गारोळ मेंढीचा जुळ्यांचा जीन आणून ‘नारी सुवर्णा’ केली, तसल्या कळपात हे स्कॅनिंग खरंच कामाचं आहे.

कायद्याचं बोलायचं तर बरोबर, 1994 चा लिंगनिदानबंदीचा कायदा माणसांसाठी आहे, मेंढीसाठी नाही. पण त्याच कायद्यात 2003 साली असंही आलं की नोंदणी नसलेल्याला लिंग ओळखू शकणारं मशीन विकायचंच नाही. बॅगेत मशीन घालून वाड्यावाड्यावर "नर-मादी सांगतो" म्हणत फिरणारा माणूस फक्त मेंढीपाशीच थांबेल असं ज्याला वाटतं त्याने मराठवाड्यातल्या स्त्रीभ्रूणहत्येच्या जुन्या बातम्या चाळाव्यात.

बकरी ईदला नर कोकराला भाव येतो, माडग्याळ मेंढ्याचे तर लाखात सौदे होतात, हे मला पण कळतं. पण 25-30 मेंढ्यांना एक मेंढा पुरतो, आणि माद्या पाडत बसलात तर चार वर्षांनी ते नर द्यायला मेंढ्या कुठून आणणार, बाजारातून दामदुपटीने?

मामांना मी एवढंच टाकलंय: पोरगा आलाच तर मेंढी उभी धरा, मागच्या पायापुढे कासेजवळची बिनलोकरीची कातडी असते तिथे जेल लावून प्रोब टेकवू दे, आणि फक्त गाभण का भाकड, एक का दोन एवढंच विचारा. नर-मादीचा विषय काढला की चहा पाजून वाटेला लावा. मामांनी अंगठा पाठवलाय, आणि पाच मिनिटांनी विचारलंय, "मग शेळ्यांचं करून घेऊ का?"