पृथ्वी वाचवायला निघालात? पिशवी विसरा

पृथ्वी वाचवायची तर सुरुवात स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यापासून करावी लागते. तिथे एक पिशवी लटकलेली असते. तिच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात आणखी बारा. पुतण्याच्या मुंजीत मिळालेली, साडीच्या दुकानाची, बँकेच्या कॅलेंडरबरोबर आलेली, शिवाय एका नगरसेवकांनी दिवाळीला उटण्यासकट वाटलेली (उटणं संपलं, नगरसेवक पडले, पिशवी अजून टिकून आहे). एवढा साठा पाहून तुम्हाला वाटेल, आता आपल्याला पिशव्यांना काय तोटा! इथेच तुम्ही फसता. यांतली एकही पिशवी पर्यावरणपूरक नाही, कारण तिच्यावर तसं छापलेलं नाही.

तेव्हा आधी नवी पिशवी विकत घ्या. जाड सुताची, मातकट रंगाची, एका बाजूला कासवाचं चित्र असलेली. साडेतीनशेच्या खाली मिळत असेल तर सोडून द्या. स्वस्तातल्या पिशवीत तळमळ कमी असते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा हिशेब मांडला होता. कापूस पिकवण्यापासूनचं पाणी, खतं, वीज असं सगळं धरलं तर साध्या प्लास्टिक पिशवीच्या तोडीला यायला नवी सुती पिशवी ७,१०० वेळा वापरावी लागते, आणि सेंद्रिय कापसाची असेल तर २०,००० वेळा. (नुसती तापमानवाढ मोजली तर ५२ आणि १४९ वेळांत भागतं, पण एवढ्यावर समाधान मानणारे आपण नव्हे.) आठवड्यातून दोनदा भाजी आणली तर ७,१०० फेऱ्यांना अडुसष्ट वर्षं लागतात. म्हणजे ऐन तिशीत घेतलेली पिशवी नातसुनेच्या हाती सोपवूनच डोळे मिटायचे. आजोबांच्या टेरिकॉटच्या पँटीची आजीने मशीनवर शिवलेली पिशवी या हिशेबात कुठेच बसत नाही, कारण तिच्यासाठी कुणी नवा कापूस पिकवला नव्हता. घरात तशी असेल तर तिचं पायपुसणं करा. लिफ्टमध्ये कुणी पाहिलं तर काय म्हणेल?

नवी पिशवी आली की ती त्याच खिळ्याला अडकवा आणि भाजीला रिकाम्या हाताने जा.

भाजी घ्यायची ती ऑफिसातून येताना, हेल्मेट न काढता आणि गाडी बंद न करता, ही पुण्याची रीत. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी पहाटे उठून गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल आणतात आणि रात्री नऊपर्यंत पोत्यावर बसून असतात. मी एकदा गाडीवरूनच विचारलं, "मावशी, सगळं लोकल आहे ना?"

माठाच्या जुड्यांवर पाणी मारता मारता त्यांनी वर पाहिलं. "म्हंजी?"

"म्हणजे इथलंच आहे ना?"

"हितलंच की. तेरा वर्सं हितंच बसते मी."

मी प्रश्न बदलला. "बरं, सेंद्रिय आहे का?"

"चुका हाय, चाकवत हाय, आंबाडी हाय. शेंद्रिय संपली. उद्या आनते."

असा संवाद झाला की खचून जाऊ नये. दहाची जुडी सातला मागावी. मॉलमध्ये पावशेर चेरी टोमॅटो छापील किमतीला निमूट घेणाऱ्या माणसाला आपल्यातला व्यवहारी बाणा दाखवायला हीच एक जागा उरली आहे. आणि बळीराजाबद्दलचा कळवळा दाखवायला संध्याकाळचा व्हॉट्सॲप आहेच. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून हातात चेक आला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. ती बातमी तुम्हीही रडक्या चेहऱ्यासकट पुढे पाठवली असेल. मग तीन रुपये सोडवून घेताना मन मोठं ठेवा, आपण त्या मानाने मावशींना बरंच देतो आहोत.

एवढं झाल्यावर मावशी विचारतात, "पिशवी?" तुम्ही कपाळावर, म्हणजे हेल्मेटवर, हात मारायचा. "अरे, विसरलो की!" त्या डावीउजवीकडे बघतात, पोत्याखाली हात घालतात आणि कांद्याच्या सालीसारखी पातळ पिशवी काढून दोन बोटं चोळत तिचं तोंड उघडतात. राज्यात २०१८ पासून या पिशवीला बंदी आहे आणि पहिल्याच खेपेला दंड पाच हजारांचा आहे. पथक आलं तर पावती फाटायची मावशींच्या नावाने. विसराळूपणाची पावती अजून छापलेली नाही. तेव्हा बिनधास्त मिरच्या वेगळ्या मागा, लिंबं वेगळी मागा, कोथिंबीर ओली असते म्हणून तिला आणखी एक. निघताना एवढं मात्र म्हणा, "हे प्लास्टिक एकदा बंद झालं पाहिजे बघा." मावशी "व्हय" म्हणतात.

आता 'स्थानिक' कशाला म्हणायचं ते ठरवू. जुन्या लोकांना वाटायचं की जे जवळ पिकतं ते स्थानिक. हा भूगोल आता बदलला. टांझानियाहून आलेला ॲव्होकॅडो तुमच्या दारात दहा मिनिटांत पोचतो. सासवडकडचं अंजीर खायचं तर मंडईपर्यंत जावं लागतं, गाडी लावायला जागा शोधावी लागते आणि ती कुणीच अजून शोधून काढलेली नाही. मग जवळचं कोण? शिवाय पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन असलं तरी शिस्त नाही. साल इतकी पातळ की पाटीत पानांवर जपून मांडावं लागतं, बोट जरा जोरात लागलं की रुसतं, दोन दिवसांत खाल्लं नाही तर आंबतं. त्यापेक्षा अफगाणिस्तानातलं सुकं अंजीर पाहा. बरणीत वर्षभर गप्प बसतं. असा माल शहाण्या माणसाच्या घरात शोभतो.

ऋतूंचंही तेच. ऋतू म्हणजे माल पुरवण्यातली अडचण. मटार थंडीतच का खायचा? गोठवलेला बारमाही मिळतो. पावसाळ्यात कर्टोली, टाकळा, कुर्डू, भारंगी येते, कृषी खातं रानभाजी महोत्सव भरवतं, तिथे जरूर जा. जुडीबरोबर फोटो काढा, "काय ही आपली समृद्ध परंपरा" असं लिहा आणि येताना ढब्बू मिरची घेऊन या. ज्वारीचा प्रश्न तर २०२३ सालीच सुटला. ते आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून ज्वारी चांदीच्या रंगाच्या पाकिटात, हवा भरून, पेरीपेरी चवीत मिळते. मंगळवेढ्याची मालदांडी आणून, निवडून, डबा घेऊन गिरणीत रांग लावायची आणि वर भाकरी थापताना हात भाजून घ्यायचे, याला वर्ष साजरं करणं म्हणत नाहीत.

खरेदीची यादी करू नका. यादी केली की घरात काय आहे ते बघावं लागतं आणि तिथून घरात कटकटी सुरू होतात. भूक लागलेली असताना, एकावर एक फुकट असं लिहिलेल्या दिवशी जा. मी अशाच एका दिवशी तीन किलो बटाटे घेतले. घरी दोन किलो होते. त्यांना आता असे कोंब आलेत की त्यांना नाव ठेवून बालवाडीत घालावं म्हणतो.

पण खरं कसब दिसतं ते कोथिंबिरीच्या जुडीत. सोमवारी ती पिशवीसकट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. निवडायची नाही. (माझी आई टीव्ही बघता बघता जुडी निवडते, मुळं तोडते, फडक्यात गुंडाळून डब्यात घालते आणि देठं आमटीत टाकते. तिला इंटरनेटवरच्या युक्त्या माहीत नसल्यामुळे तिची जुडी दहा दिवस टिकते.) बुधवारी पिशवीला आतून घाम येतो. शनिवारी नव्या जुडीला जागा करताना जुनी हाताला लागते. तळाशी चमचाभर काळपट हिरवं पाणी, पानं शेवाळासारखी एकमेकांना चिकटलेली, देठं मात्र सरकारी शिपायासारखी ताठ. वास निर्माल्याच्या कलशासारखा. ती दोन बोटांत धरून ओल्या कचऱ्यात टाकायची, प्लास्टिकसकट. म्हणजे सकाळी कचरा वेचणाऱ्या ताईंना ती उघडून वेगळी करता येते.

अपराधी वाटून घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ च्या अहवालात आपल्या देशातल्या घरांतून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज दिला आहे, माणशी वर्षाला ५५ किलो, साली-बिया धरून. चौघांच्या घराला आठवड्याला साधारण चार किलो. आता खेडोपाडी शिळी भाकरी गाईला घालणारी, आठळ्या उकडून खाणारी, कलिंगडाच्या सालीची भाजी करणारी माणसं आपला कोटा पुरा करत नाहीत. त्यांच्या वाटचं कुणीतरी टाकायला हवंच की नाही? सरासरी राखण्याचा भार शहरांवर पडतो, आणि आपण तो बिनबोभाट उचलतो.

तरीही मन खात असेल तर कार्यशाळेला जा. मी गेलो होतो. फी दीड हजार. एका दिवसात आम्हाला दोडक्याच्या शिरा कुरकुरीत भाजून तीळ-मिरचीबरोबर कुटायला शिकवल्या, उरलेल्या पोळ्यांचा चुरा फोडणीला टाकायला शिकवलं आणि मुळ्याचा पाला चिरून पीठ पेरायला शिकवलं. प्रत्येक पदार्थाला इंग्रजी नाव होतं, त्यामुळे टिपणं काढायला सोपं गेलं. घरी येऊन आईला सगळं उत्साहाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "दीड हजार म्हणजे सगळ्यांचे मिळून ना रे?"

शेवटचा टप्पा कंपोस्टचा. बाल्कनीत ठेवायचा डबा साडेतीन हजारांना येतो. त्याबरोबर विरजण म्हणून कसलीशी पावडर आणि नारळाच्या भुश्श्याच्या विटा येतात. आमच्या विटा तमिळनाडूहून आल्या होत्या, चार थरांच्या वेष्टनात. मडक्याला भोकं पाडूनही खत होतं म्हणतात, पण मडक्याबरोबर माहितीपुस्तिका मिळत नाही. आमच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, रोज किमान अर्धा किलो ओला कचरा घाला, नाहीतर प्रक्रिया मंदावते.

डबा आला त्याच आठवड्यात आई महिनाभर राहायला आली. फ्लॉवरचे दांडे भाजीत गेले. दुधीची सालं चटणीत गेली. कोंब आलेल्या बटाट्यांपैकी चार तिने कुंडीत पुरले. शिळा भात सकाळी फोडणीला गेला आणि सगळ्यांनी मागून खाल्ला. उरली ती केळ्याची सालं आणि चहाचा चोथा. मी रोज रात्री झाकण उघडून बघायचो, डबा उपाशी. साडेतीन हजारांची वस्तू डोळ्यांदेखत कोमात चाललेली. शेवटी न राहवून फोन काढला आणि कोथिंबिरीच्या सहा जुड्या मागवल्या. दहा मिनिटांत आल्या, प्रत्येक जुडी वेगळ्या प्लास्टिकच्या डबीत, डबीवर हिरवं पान छापलेलं.

आई देवापाशी बसली आहे असं पाहून मी पाच जुड्या थेट कंपोस्टला घातल्या. सहावी तिने माझ्या हातातून काढून घेतली आणि निवडायला बसली. डब्या धुऊन ओट्यावर ओळीने उपड्या घातल्या, राई-मेथी ठेवायला होतील म्हणाली.